ब्लॅक बेल्टची वेळ

कारखान्यात, रुग्णालयात, बँकेत किंवा संगणकसेवा पुरवणाऱ्या कार्यालयात एकच काम रोज शेकडो वेळा होत असते आणि दर वेळी ते किंचित वेगळे होत असते. या वेगळेपणाचे मोजमाप करून, त्याची कारणे शोधून आणि ती दूर करून कामाचा दर्जा उंचावण्याच्या शिस्तबद्ध रीतीला प्रक्रिया-सुधारणा म्हणतात. या क्षेत्रात गेल्या चार दशकांत विशेष नाव झालेली पद्धत म्हणजे सिक्स सिग्मा. तिच्या शिक्षणाच्या पायऱ्यांना जपानी युद्धकलांमधील पट्ट्यांवरून यलो बेल्ट, ग्रीन बेल्ट, ब्लॅक बेल्ट आणि मास्टर ब्लॅक बेल्ट अशी नावे पडली आहेत. खालच्या दोन पायऱ्यांबाबत फारसा संभ्रम नसतो, कारण त्यांना लागणारा वेळ आणि पैसा बेताचा असतो. ब्लॅक बेल्टपाशी मात्र बहुतेक जण अडखळतात, आणि ग्रीन बेल्टनंतर किती वर्षांनी त्याकडे वळावे, असा प्रश्न विचारला जातो. या प्रश्नाचे उत्तर वर्षांच्या हिशेबात मिळत नाही. कामाच्या जागी कोणत्या जातीचा प्रश्न अडून बसला आहे, हे पाहिल्यावर ते मिळते.

सिग्मा हे ग्रीक अक्षर संख्याशास्त्रात प्रमाण विचलनासाठी, म्हणजे मोजमापे आपल्या सरासरीभोवती किती पसरली आहेत हे सांगणाऱ्या आकड्यासाठी वापरले जाते. एखाद्या मापाची सरासरी आणि ग्राहकाने घालून दिलेली जवळची मर्यादा यांच्यामधल्या अंतरात सहा प्रमाण विचलने मावत असतील, तर मर्यादेबाहेर जाणारे नग जवळजवळ उरतच नाहीत; सरासरी अगदी मध्यावर आणि स्थिर राहिली तर ते प्रमाण एक अब्जात सुमारे २ इतके येते. सिक्स सिग्माच्या संदर्भात सर्वत्र ऐकू येणारा दहा लाखांत ३.४ दोष हा आकडा याहून वेगळा आहे, कारण त्यामागे दीर्घकाळात सरासरी दीड सिग्माने सरकते असे गृहीत धरलेले आहे आणि त्यामुळे तो प्रत्यक्षात साडेचार सिग्माचा आकडा ठरतो. दीड सिग्माचे हे गृहीतक सर्व प्रक्रियांना सरसकट लावण्यास अनेक संख्याशास्त्रज्ञांचा आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. हा फरक ज्याला आपल्या कामातल्या उदाहरणावरून समजावून सांगता येत नाही, त्याने पुढच्या पायरीआधी हातातल्याच पायरीवर आणखी काही काळ घालवणे हिताचे.

या पद्धतीचा उगम अमेरिकेतील मोटोरोला कंपनीत झाला. १९८६ च्या सुमारास तेथील अभियंते बिल स्मिथ यांनी तिची मांडणी केली, कंपनीचे प्रमुख बॉब गॅल्विन यांनी तिला पाठबळ दिले, आणि १९८८ मध्ये, म्हणजे अमेरिकेचा माल्कम बाल्ड्रिज राष्ट्रीय गुणवत्ता पुरस्कार प्रथमच दिला गेला त्या वर्षी, तो मिळवणाऱ्यांत मोटोरोला होती. पट्ट्यांची परिभाषा रूढ करण्याचे श्रेय बहुधा मिकेल हॅरी यांना दिले जाते. पुढे १९९५ मध्ये जॅक वेल्च यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये ही पद्धत स्वीकारली आणि ती जगभर पोहोचली. त्या काळी ब्लॅक बेल्ट हे एक पद होते, ही गोष्ट आजच्या प्रश्नासाठी फार महत्त्वाची आहे. निवडलेल्या माणसाला त्याच्या नेहमीच्या जबाबदारीतून साधारण दोन वर्षांसाठी मोकळे केले जाई आणि पूर्णवेळ सुधारणेच्या कामावर नेमले जाई. त्याचे प्रशिक्षण चार महिन्यांत विभागलेले असे: दर महिन्याला एक आठवडा वर्गात आणि उरलेले आठवडे स्वतःच्या विभागातील खऱ्या प्रकल्पावर. प्रश्नाची व्याख्या, मोजमाप, विश्लेषण, सुधारणा आणि नियंत्रण हे पद्धतीचे पाच टप्पे वर्गात शिकायचे आणि लगेच शॉपफ्लोअरवर लावून पाहायचे, असा तो क्रम होता. म्हणजे आधी काम, त्याच्या जोडीने शिक्षण आणि सर्वांत शेवटी प्रमाणपत्र.

नव्या शतकात हे पद कंपनीच्या भिंतींबाहेर आले आणि कोणालाही स्वतःहून देता येईल अशी परीक्षा झाले. जगभर एकच मान्यता देणारी संस्था या क्षेत्रात नाही, त्यामुळे एकाच नावाच्या प्रमाणपत्रांमागे अगदी वेगवेगळे कष्ट असू शकतात. अमेरिकन सोसायटी फॉर क्वालिटी या संस्थेच्या ब्लॅक बेल्ट परीक्षेला बसण्यासाठी पूर्ण केलेले दोन प्रकल्प आणि त्यांची सहीनिशी दिलेली प्रतिज्ञापत्रे लागतात, किंवा एक प्रकल्प आणि संबंधित क्षेत्रातील तीन वर्षांचा अनुभव लागतो. मिळालेले प्रमाणपत्र दर तीन वर्षांनी नूतनीकृत करावे लागते. याउलट आयएएसएससी या संस्थेची परीक्षा प्रकल्पाची अट न घालता ज्ञान तपासते. भारतात या विषयाची परंपरा सिक्स सिग्मापेक्षा कितीतरी जुनी आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये पहिला नियंत्रण आलेख, म्हणजे प्रक्रिया काळानुसार आपल्या मर्यादांत स्थिर आहे का हे दाखवणारा आलेख, रेखाटणारे वॉल्टर शेव्हार्ट या संस्थेच्या निमंत्रणावरून १९४७-४८ मध्ये भारतात येऊन गेले. या संस्थेचे गुणवत्ता नियंत्रणाचे विभाग मुंबई आणि पुणे येथेही आहेत आणि संस्था ब्लॅक बेल्टचे अभ्यासक्रम चालवते. एखादी संस्था परीक्षेआधी पूर्ण प्रकल्प मागते तेव्हा त्या अटीतच योग्य वेळेचा निकष दडलेला असतो, आणि ज्या संस्था तो मागत नाहीत त्यांच्याकडे जाणाऱ्याने तो निकष स्वतःला लावून घ्यावा हे उत्तम.

आता प्रश्नाच्या जातीकडे वळता येईल. भोसरी किंवा चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील एखाद्या यंत्रशाळेचे कल्पित उदाहरण घेऊ. तेथे वाहनाच्या एका सुट्या भागात २५ मिलिमीटर व्यासाचे बोअर काढले जाते आणि रेखाचित्रावर त्याला दोन्ही बाजूंना ०.०३ मिलिमीटरची मुभा आहे. मोजलेल्या नगांचे प्रमाण विचलन ०.०१ मिलिमीटर आणि सरासरी २५.०१ मिलिमीटर निघाली. मुभेची एकूण रुंदी ०.०६ मिलिमीटर असून सहा प्रमाण विचलनांची बेरीजही तेवढीच भरते. या दोहोंच्या गुणोत्तराला सीपी म्हणतात आणि ते येथे १ आहे, म्हणजे पसारा मुभेत जेमतेम मावतो. परंतु सरासरी वर सरकलेली असल्यामुळे वरची मर्यादा फक्त ०.०२ मिलिमीटर दूर राहिली आहे, आणि हे अंतर तीन प्रमाण विचलनांनी भागून मिळणारा सीपीके हा निर्देशांक ०.६७ वर घसरला आहे. अशा स्थितीत सुमारे २.३ टक्के नग मोठ्या मापाचे निघतात. ग्रीन बेल्ट झालेला सुपरवायझर नियंत्रण आलेख लावतो, सरासरी सरकल्याचे दाखवतो, मशीनचा ऑफसेट दुरुस्त करतो, आणि सरासरी मध्यावर येताच रिजेक्शन ०.२७ टक्क्यांपर्यंत खाली येते. हे काम मोलाचे आहे, आणि महाराष्ट्रातल्या अनेक मध्यम कारखान्यांत अजून कित्येक वर्षे पुरेल इतके ते शिल्लक आहे.

खरी अडचण यानंतर येते. वाहन उद्योगातील मोठे ग्राहक महत्त्वाच्या मापांसाठी १.३३ आणि नव्या भागाच्या मंजुरीच्या वेळी १.६७ इतका निर्देशांक मागतात. वरच्या उदाहरणात १.३३ गाठायचे तर प्रमाण विचलन ०.०१ वरून ०.००७५ मिलिमीटरवर आणि १.६७ साठी ०.००६ मिलिमीटरवर आणावे लागेल. येथे ऑफसेट कितीही फिरवला तरी उपयोग नाही, कारण सरासरी आधीच मध्यावर आहे आणि आता पसाराच आकसायला हवा. सरासरी जागेवर आणणे ही ग्रीन बेल्टची हद्द मानली, तर पसारा कमी करणे हे बहुधा ब्लॅक बेल्टच्या हद्दीतले काम ठरते. बहुधा म्हणण्याचे कारण असे की झिजलेले फिक्स्चर बदलून किंवा इन्सर्ट वेळेवर बदलण्याची शिस्त लावूनही पसारा कधीकधी आटोक्यात येतो, आणि ते आधी करून पाहिलेच पाहिजे. शिवाय दिसणारा पसारा मोजणाऱ्या साधनाचा आणि हाताचाही असू शकतो. तेच काही नग दोन ऑपरेटरांनी त्याच गेजने पुन्हा पुन्हा मोजून हा वाटा काढता येतो; तो दहा टक्क्यांच्या आत असल्यास मोजमाप विश्वसनीय आणि तीस टक्क्यांहून अधिक असल्यास अस्वीकार्य समजण्याचा वाहन उद्योगात प्रघात आहे. ही पडताळणी झाल्यावरही पसारा कायम राहत असेल आणि तो कशाने होतो याबद्दल दहा जणांची दहा मते असतील, तर पुढचे शिक्षण घेण्याची गरज उभी राहिली असे समजावे.

ती गरज कशी भागते, हे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींमुळे ओतकामासाठी प्रसिद्ध झालेल्या कोल्हापूरच्या फाउंड्रीचे उदाहरण घेतले की चांगले स्पष्ट होते. ओल्या वाळूच्या साच्यात बीड ओतताना ब्लो होल, म्हणजे वायू अडकून राहिलेली पोकळी, हा नेहमीचा दोष असतो. वाळूतील ओलावा, साच्याचा कठीणपणा, वाळूतून वायू निसटण्याची क्षमता, धातू ओतण्याचे तापमान, ओतण्याचा वेग, कोअरमधील बंधक द्रव्याचे प्रमाण आणि परतीच्या वाळूचे तापमान अशी निदान सात कारणे त्यामागे संभवतात. अनुभवी फोरमन एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहतो, आणि हा मार्ग सरळ वाटला तरी त्यात एक खोल उणीव आहे. ओतण्याचे तापमान वाढवल्याचा परिणाम वाळू कोरडी असताना एक आणि ओली असताना वेगळाच असू शकतो. दोन घटकांच्या अशा परस्परावलंबी परिणामाला संख्याशास्त्रात आंतरक्रिया म्हणतात. भाकरी थापणाऱ्या प्रत्येक घरात ती ठाऊक असते: तवा किती तापलेला हवा, हे पीठ किती पाण्यात मळले आहे यावर ठरते, आणि पिठाकडे न बघता आचेबद्दल सांगितलेला कोणताही नियम फसतो. एका वेळी एकच घटक बदलणाऱ्याला आंतरक्रिया दिसू शकत नाही, मग त्याने प्रयोग कितीही केले तरी.

म्हणून घटक एकत्र आणि ठरावीक आराखड्याने बदलण्याची विद्या निर्माण झाली. तिला प्रयोग-रचना म्हणतात. सात घटक प्रत्येकी दोन पातळ्यांवर तपासायचे तर सर्व जोडण्या मिळून १२८ प्रयोग होतात, आणि उत्पादन थांबवून इतके प्रयोग करण्याची परवानगी कोणताही कारखाना देणार नाही. याच सात घटकांची चाचणी काळजीपूर्वक निवडलेल्या १६ प्रयोगांत, अगदी अडचण असेल तर ८ प्रयोगांतही करता येते, मात्र त्याची किंमत मोजावी लागते. आठ प्रयोगांच्या आराखड्यात एकेका घटकाचा परिणाम दुसऱ्या दोघांच्या आंतरक्रियेत मिसळून जातो आणि नेमके कोणाचे श्रेय ते वेगळे काढता येत नाही. सोळा प्रयोगांत मुख्य परिणाम अशा दुहेरी आंतरक्रियांपासून मोकळे होतात, पण त्या आंतरक्रिया आपापसांत मिसळलेल्या राहतात. कोणती सरमिसळ चालेल आणि कोणती चालणार नाही, हे संगणकाची आज्ञावली सांगू शकत नाही. त्यासाठी वाळू, धातू आणि भट्टी यांची जाण असलेला माणूस लागतो, आणि त्याच माणसाला आराखड्याचे गणितही कळावे लागते. ब्लॅक बेल्टच्या अभ्यासक्रमाचा गाभा या दोहोंच्या भेटीत आहे. ज्याच्या हाती असा सात कारणांचा गुंता प्रत्यक्ष आहे, त्याला प्रयोग-रचनेचा धडा एकदा वाचून जितका समजतो, तितका तो गुंता न पाहिलेल्याला चार वेळा वाचूनही समजत नाही.

ब्लॅक बेल्टची वेळ आल्याचे दुसरे लक्षण नमुन्याच्या आकाराशी निगडित आहे. रिजेक्शन २ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आले असे सुधारणेच्या बैठकीत अनेकदा जाहीर होते आणि पुरावा म्हणून आधीचे दोनशे आणि नंतरचे दोनशे नग दाखवले जातात, म्हणजे आधी चार आणि नंतर दोन दोष. एवढा फरक योगायोगानेही सहज पडतो. २ टक्के आणि १ टक्का यांतील खरा फरक ऐंशी टक्के खात्रीने पकडायचा असेल आणि योगायोगाला फरक समजण्याची चूक पाच टक्क्यांपलीकडे जाऊ द्यायची नसेल, तर आधीचे आणि नंतरचे प्रत्येकी सुमारे २,३०० नग तपासावे लागतात. हा आकडा ऐकून जो माणूस दोष मोजण्याऐवजी प्रत्यक्ष माप घेण्याची वाट शोधू लागतो, कारण मापांच्या आकड्यांत दोष-निर्दोष अशा शेऱ्यापेक्षा कितीतरी अधिक माहिती असते, त्याची पुढच्या पायरीसाठी मनाची तयारी झालेली आहे.

सेवाक्षेत्रातही हेच तत्त्व लागू पडते, फक्त तेथे बहुतेक वेळा वेळ मोजायचा असतो आणि वेळेचे आकडे सरासरीभोवती समतोल पसरत नाहीत. तक्रारी निवारण्याच्या कामात बहुसंख्य तक्रारी लवकर सुटतात आणि मोजक्या मात्र खूप लांबतात. अशा एका बाजूला झुकलेल्या आकड्यांवर कारखान्यातील सूत्रे डोळे मिटून लावली की निष्कर्ष चुकतात.

प्रश्न योग्य जातीचा असला तरी परिस्थिती अनुकूल नसेल तर ब्लॅक बेल्टचा उद्योग अर्ध्यावर थांबतो. पहिली गरज आकड्यांची आहे: मोजमापे नोंदवली जात असतील आणि त्यांच्यापुढे तारीख, शिफ्ट, मशीन व बॅच यांची ओळख लिहिली जात असेल, तर विश्लेषणाला आधार मिळतो, नसेल तर पहिले सहा महिने नोंदींची शिस्त लावण्यात जातात, आणि ते काम ग्रीन बेल्टच्या ज्ञानावरही उत्तम होऊ शकते. दुसरी गरज पाठीराख्याची आहे. प्रकल्पाला संरक्षण देणाऱ्या वरिष्ठाला या परिभाषेत चँपियन म्हणतात आणि त्याचा अधिकार एकाहून अधिक विभागांवर चालावा लागतो, कारण अवघड प्रश्न विभागांच्या सीमेवर राहतात: ओतकामातील दोषाचे मूळ खरेदी विभागाने बदललेल्या बंधकात असू शकते. तिसरी गरज वेळेची, आणि तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. दिवसभर उत्पादनाचे लक्ष्य सांभाळून रात्री अभ्यास करणारा अभियंता परीक्षा उत्तीर्ण होऊ शकतो, पण प्रयोगांसाठी मशीन मिळवणे, ऑपरेटरांना विश्वासात घेणे आणि मोजमापांच्या वेळी स्वतः उभे राहणे हे दिवसाच्याच वेळेत करावे लागते. या तिन्हींपैकी वरिष्ठाचा आधार नसेल तर बाकी दोन असूनही थांबणे शहाणपणाचे. आकडे आणि वेळ प्रयत्नाने मिळवता येतात, आधार एकट्याने उभा करता येत नाही.

नोकरी बदलण्यासाठी किंवा पगारवाढीसाठी प्रमाणपत्र घेण्याची इच्छा गैर नाही, आणि अनेक जाहिरातींत त्याची अट असते हेही खरे आहे. तथापि मुलाखतीत विचारला जाणारा पहिला प्रश्न प्रकल्पाचा असतो: कोणता दोष होता, किती होता, किती उरला आणि आज तो कुठे आहे. मुंबईच्या डबेवाल्यांचा दाखला येथे उपयोगी आहे. १९९८ मध्ये ‘फोर्ब्स’ नियतकालिकात त्यांच्यावर लेख आल्यापासून त्यांना सिक्स सिग्माचे प्रमाणपत्र मिळाल्याचे सर्वत्र सांगितले जाते. वस्तुतः नियतकालिके अशी प्रमाणपत्रे देत नसतात. डब्यावरील रंग आणि अक्षरांची खूण, प्रत्येक गटाचा ठरलेला मार्ग आणि लोकलच्या वेळापत्रकाशी जुळवलेली देवाणघेवाण यांमुळे त्यांच्या चुका फार थोड्या राहिल्या, आणि जगाने त्यांचा अभ्यास केला तो या कामामुळे. कोणत्याही पट्ट्यावाचून ते काम उभे राहिले.

आणखी एका वर्गाचा विचार आस्थेने व्हायला हवा. मराठी माध्यमातून शिकून, पदविका घेऊन, दहा-पंधरा वर्षे मशीनशेजारी काढलेले असंख्य सुपरवायझर या परीक्षांना बिचकतात, कारण परीक्षा इंग्रजीत असते आणि सूत्रांची सवय सुटलेली असते. प्रक्रियेचे जे ज्ञान पदवीधर नवख्याला मिळवायला वर्षे लागतात ते त्यांच्यापाशी आधीच असते, आणि प्रयोग-रचनेत कोणते घटक निवडायचे हा सर्वांत कठीण निर्णय तेच अचूक घेऊ शकतात. प्रमाण विचलन, परिकल्पना चाचणी (दिसलेला फरक खरा की योगायोगाचा हे तपासण्याची रीत) आणि प्रतिगमन, म्हणजे एका मापावरून दुसऱ्याचा अंदाज बांधण्याची रीत, या तीन गोष्टी मराठीतून आणि स्वतःच्या विभागातील आकड्यांवर दोन-तीन महिने घोटल्या तर उरलेला अभ्यास आवाक्यात येतो. त्यांच्या बाबतीत थांबण्याचे कारण बहुधा धास्तीचे असते, अपात्रतेचे नसते, आणि कारखान्यांनी त्यांच्या तयारीचा भार स्वतःकडे घेतला तर गुंतवणुकीचा तो सर्वांत चांगला प्रकार ठरेल.

काही ठिकाणी मात्र ही वाट मुळातच लागू नाही. जेथे काम पुन्हा पुन्हा त्याच स्वरूपात होत नाही, जसे नव्या पदार्थाचे किंवा नव्या कल्पनेचे संशोधन, तेथे पसारा कमी करण्याची शिस्त शोधवृत्तीलाच आवळू शकते. अमेरिकेतील थ्रीएम कंपनीत जेम्स मॅकनर्नी यांच्या कारकिर्दीत सिक्स सिग्मा प्रयोगशाळांपर्यंत नेण्यात आली आणि त्यांच्यानंतर आलेल्या जॉर्ज बकली यांनी संशोधनाच्या क्षेत्रात ती सैल केली, हे या संदर्भातील बहुचर्चित उदाहरण आहे. महाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यानेही ग्रीन बेल्टवर थांबून आधी एखाद्या प्रक्रियेशी दीर्घ परिचय करून घ्यावा.

क्रमाचा विचार करता, प्रथम प्रश्न निवडावा, वरिष्ठाची लेखी संमती घ्यावी, मोजमापाचा टप्पा पूर्ण करावा आणि विश्लेषण सुरू होताना अभ्यासक्रमात नाव घालावे, कारण शिकलेली साधने त्याच वेळी कामाला लागतात. बचतीचा आकडा लेखा विभागाकडून तपासून घ्यावा. नियंत्रणाचा टप्पा लवकर आटोपता घेण्याचा मोह टाळावा: नवी सरासरी आणि आकसलेला पसारा नियंत्रण आलेखावर काही महिने टिकून दिसला पाहिजे, आणि कोल्हापूरच्या फाउंड्रीत तर उन्हाळ्यात आवरलेला प्रकल्प पावसाळ्याची दमट हवा ओलांडेपर्यंत उघडाच ठेवावा, कारण साठवलेले कोअर त्या दिवसांत हवेतला ओलावा ओढून घेतात आणि गेलेले ब्लो होल परत येतात. परीक्षेची तारीख दिवाळीनंतरची मागितली तर हा पावसाळाही प्रकल्पाच्या आलेखावर उतरलेला असतो.